छापखान्याचं शिसं

९ एप्रिल

मारिट यंदा टिनकप ओढ्यावर सामन मासे मोजायला जाणार. जून ते सप्टेंबर, खाडीपलीकडे, तंबूत. मोजणी आपल्या मच्छीमार संस्थेची, संस्था मी उभी केलेली, आणि माझ्या मुलीची ही बातमी मला कळली पोस्टाच्या रांगेत! घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस, पापा."

केलंच. चांगलं अर्धा तास. मासा चढायला लागला की ओढ्यावर अस्वलं उतरतात, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण माणसाला माहीत असणं वेगळं आणि माणसाने तयारी ठेवणं वेगळं. तीस वर्षं मी सभांमधून हेच ओरडत आलो. मारिटचं मनगट माझ्या दोन बोटांच्या कडीत मावतं. रायफल न्यायला ती तयार नाही. एका हातात मोजणीची वही, दुसऱ्यात काठी, रायफल कुठे धरू म्हणते. तेही खरं. म्हणून मी हलकं रिव्हॉल्व्हर मागवलंय, टायटेनियमचं, पाच गोळ्यांचं. जॅमच्या भरल्या बरणीहून हलकं. कमरेला आहे हे विसरायला होईल इतकं.

प्रश्न हत्याराचा नाहीच. प्रश्न गोळीचा. माझ्या भावाने, लेफने, दुकानातल्या मऊ गोळ्या भरल्या होत्या. सहा झाडल्या. सहाही अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर चपट्या झाल्या. लेफला आम्ही ताडपत्रीत गुंडाळून आणला. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. माझ्या मुलीच्या बाबतीत ते होणार नाही.

१२ एप्रिल

मागवलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायला ऑरिनच्या दुकानात गेलो. हा माणूस माझा चाळीस वर्षांचा मित्र. बंदुका दुरुस्त करतो, काडतुसं विकतो, आणि गिऱ्हाइकाला माल न घेण्याचा सल्ला देतो. मी सांगितलं, तीनशे ग्रेन वजनाची कडक ओतीव गोळी, दारू पूर्ण मापाची, मी स्वतः भरणार.

तो चष्मा पुसत म्हणाला, "तुझ्या जुन्या पोलादी रिव्हॉल्व्हरच्या धुडात भर की. या पाखरात नको. नळीवर बारीक अक्षरात लिहिलंय बघ, नुसत्या शिशाची गोळी वापरू नका म्हणून."

"कंपनीच्या वकिलांनी लिहिलंय ते."

"पुढारी, ऐक जरा. बोट एकदम झटक्याने पुढे गेली तर डेकवर गाफील उभ्या माणसाचं काय होतं?"

"मागे पाण्यात पडतो."

"तेच. हलकं रिव्हॉल्व्हर बार उडाला की मागे झटका मारतं. गोळ्यांच्या फिरत्या चक्रीतल्या बाकीच्या पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे जातात. जड गोळी गाफील माणसासारखी जागच्या जागी राहते. म्हणजे पुंगळीतून पुढे सरकते. दोन-तीन बारांनंतर तिचं नाक चक्रीबाहेर येतं, चक्री अडते, चाप हलत नाही. मग ते फेकून मारायच्या कामाचं." त्याने फळीवरून एक खोकं काढलं. तांब्याच्या कवचाच्या, दोनशे चाळीस ग्रेनच्या, कारखान्यातल्या. "या घे. नाहीतर निदान चाचणी घे. पाच भर, चार झाड, पाचवी मापून बघ. दहा मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "लेफकडेही खोक्यातल्याच गोळ्या होत्या."

मागून आवाज आला, "दर वर्षी त्या अस्वलाची उंची फूटभर वाढते, अध्यक्षमहाराज." ऑरिनची बहीण व्हर्ना. टिनकपची मुख्य मोजणीदार, बावीस उन्हाळे, एकदाही बंदूक नाही. मारिट हिच्याच हाताखाली जाणार. "आणि हळू बोला. त्यांच्याबद्दल असं छाती पुढे काढून बोलू नये. ऐकतात ते." ही त्यांच्या लोकांची रीत. अस्वलाला नावाने हाक मारत नाहीत, आजोबा म्हणतात, आणि त्याच्यासमोर फुशारकी मारत नाहीत.

"तुझे आजोबा माझ्या पोरीला खातील तेव्हा काय म्हणू? प्रणाम?"

"तुमची पोर माझ्या मागे चालणार आहे," व्हर्ना म्हणाली. "आधी मला खातील. माझ्यावर मांस जास्त आहे."

सगळे हसले. मीही. पण खोकं घेतलं नाही.

१५ एप्रिल

आज गोळ्या ओतल्या. टायरची वजनं, जाळ्याचं शिसं, सगळं मऊ. कडक शिसं हवं तर ते छापखान्याचं. आमच्या संघटनेच्या साप्ताहिकाचे टाइप वीस वर्षं शेडमध्ये चार पेट्यांत पडून होते. ज्या अक्षरांनी कॅनरीच्या, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या, मालकांना वाकवलं, ती अक्षरं कढईत घातली. आधी कडा मऊ झाल्या, मग सगळी एकदम बसली. साच्यातून गोळी पडली ती आरशासारखी. नखाने ओरखडा उठेना.

मारिट शेडच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई जुळवायची ती अक्षरं."

"तुझ्यासाठीच वितळवतोय."

तिने पेटीतून एक टाइप उचलून खिशात टाकला. कुठला ते मी पाहिलं नाही. गुडरून जाऊन सहा वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती, शब्दांचा याहून चांगला उपयोग झाला नाही कधी. मला तरी असं वाटतं.

१९ एप्रिल

खडीच्या खाणीत मारिटला सराव. काडतुसं मोजकी म्हणून एकेक भरून दिली. पहिल्या बारालाच तिच्या अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त आलं. दुसऱ्यानंतर तिने हत्यार दगडावर ठेवलं.

"पापा, याच्यावर पुन्हा नेम धरायला मला वेळ लागतो. ऑरिनकाकांच्या गोळ्या मारून बघू?"

"समोर अस्वल असलं की धक्का जाणवत नाही."

"तुला कसं माहीत?"

मी तिसरं काडतूस तिच्या हातात ठेवलं. हल्ली तिच्या बोलण्यात तिच्या आईचा सूर येतो.

२१ एप्रिल

ऑरिनची चाचणी घेतली. हे इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच भरल्या. एक झाडली. मनगटात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. संधिवाताचा हात. पाचही बाहेर काढल्या आणि उरलेली चाचणी माझ्या जुन्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये केली. चार बार, पाचवी कॅलिपरने मोजली. केसभरही हलली नव्हती. काडतूस तेच, भरणारा हात तोच. मग हत्यार कुठलं याने काय फरक पडतो?

थोडा पडत असेल. पण इतका नाही.

संध्याकाळी दुकानात जाऊन ती पाचवी गोळी काउंटरवर ठेवली. पाच-सहा जण होते. मी म्हणालो, "मित्रांनो, भीती विकणं हा जगातला सगळ्यात जुना धंदा आहे. आधी विमावाले करायचे, आता आमचा ऑरिन करतो." हशा पिकला. ऑरिनने गोळी उचलली, मोजली. एवढंच विचारलं, "त्या हलक्यातच घेतलीस ना चाचणी?"

मी म्हणालो, "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

त्याने गोळी परत केली. मनगट सुजलंय. कुणाला सांगितलं नाही.

८ जून

मारिट गेली. पिशवीत मीच काडतुसांचं खोकं ठेवलं. धक्क्यावर व्हर्ना तिच्या पोत्यांवर बसून सुका हेरिंग चावत होती. "काळजी करू नका अध्यक्षमहाराज, मी आजोबांना सांगेन ही कुणाची मुलगी. भाषणाच्या भीतीनेच पळतील."

१२ जुलै

बोट घेऊन टिनकपला गेलो. न सांगता. मारिट उन्हाने रापलीय, हसते, चालते अशी की तो ओढा तिचाच आहे. व्हर्ना वळणावळणाला मोठ्याने बोलत जाते, जशी सासरच्या म्हाताऱ्यांशी बोलावी तशी. "सरा आजोबा, वाटेत बसू नका. मोजणीवाल्या आहोत, मासे तुमचेच." एक मोठं नर अस्वल खरोखर पाण्यातून उठून झाडीत गेलं. मी पाहिलं. योगायोग.

मग मारिटच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर मागितलं. तिने पट्टा सोडून ते दिलं. चक्री उघडली. पाचही घरांत तांब्याच्या टोप्या. ऑरिनच्या गोळ्या.

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. लेफबद्दल बोललो. तिच्या आईच्या अक्षरांबद्दल बोललो. म्हणालो, बापाचे हात भाजले त्या शिशाने, आणि तू दुकानदाराचं ऐकतेस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हर्ना म्हणाली, "पोरीला तिचं ठरवू द्या की हो. तिचा हात आहे." मी म्हणालो, "मुलगी माझी आहे."

ऑरिनच्या पाच गोळ्या काढून कोटाच्या खिशात टाकल्या. माझ्या पाच भरल्या. चक्री फिरवून बंद केली. ऑरिनच्या उरलेल्या खोक्याबद्दल विचारलं, तर मारिटने स्वतःहून आणून दिलं. "शपथ घे, याच ठेवशील." तिने घेतली. निघताना मिठी मारली. घट्ट. मन हलकं झालं.

१७ जुलै

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या बिनतारीवर मारिटचा आवाज. "विमान पाठवा. व्हर्ना." एवढंच. मी तिथेच होतो.

१९ जुलै

व्हर्ना विमानातच गेली.

अस्वलाने मेलेलं हरीण शेवाळाखाली पुरून ठेवलं होतं, वाटेपासून चार पावलांवर. वाऱ्याची दिशा उलटी. अशा वेळी बोलण्याचा उपयोग नसतो, कुणाच्याच. अस्वल व्हर्नावर आलं. मारिटने दोन गोळ्या मारल्या. तिसरी मारली नाही. अस्वल व्हर्नावर पाऊण मिनिट होतं, मग आपणहून गेलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मैलावर मेलेलं सापडलं. दोन्ही गोळ्या आरपार गेल्या होत्या. हे ऐकल्यावर मला जो आनंद झाला त्याची लाज वाटते, पण झाला.

पोलिसाला मारिटने सांगितलं की हात चालला नाही, आणि रिव्हॉल्व्हर ओढ्यात पडलं. पोलिसाने लिहून घेतलं. माणूस थिजतो. मी तिला काही बोललो नाही. म्हणालो, "होतं असं, पोरी." ती माझ्याकडे इतकं निरखून बघत होती, जणू मी पुढे काही बोलणार होतो.

२१ जुलै

व्हर्नाला पुरलं. पावसाचा कोट घातला होता. प्रार्थनेच्या वेळी खिशात हात गेला तर काहीतरी खुळखुळलं. ऑरिनच्या पाच गोळ्या. बारा जुलैला काढल्या तशाच राहिलेल्या. सगळा वेळ मुठीत धरून उभा राहिलो, आवाज होऊ नये म्हणून.

२३ जुलै

मारिटची पिशवी धुण्यासाठी उपसली. तळाशी, लोकरीच्या दोन मोज्यांत, एकात एक घालून बांधलेलं रिव्हॉल्व्हर. ओढ्यात पडलं नव्हतंच. घाबरलेल्या माणसाला आपण काय कुठे ठेवलं ते आठवत नाही.

चक्री उघडेना. चाप हलेना. समोरून पाहिलं. नळीशेजारच्या घरातून गोळीचं टोक बाहेर आलेलं. उंदराच्या नाकाएवढं. चकचकीत, कडक, माझं.

शेडमध्ये किती वेळ बसलो माहीत नाही. मग लाकडी दांडा लावून हातोडीने ती गोळी आत ठोकली. तीन ठोके. चक्री सुटली. दोन रिकाम्या पुंगळ्या आणि तीन काडतुसं धक्क्याच्या टोकावरून पाण्यात टाकली. रिव्हॉल्व्हर साफ केलं, तेल दिलं.

हे का केलं? धक्का जास्त जोराने बसला असेल, तिने पकड सैल ठेवली असेल. हलक्या हत्यारात पकड घट्ट लागते. गोळी आरपार गेली, हे खरं ना? मग गोळीचा दोष कसा?

२४ जुलै

न्याहारीला मारिटने विचारलं, "माझी पिशवी कुणी आवरली?"

"मी."

"सगळी?"

"सगळी. ते हत्यार सापडलं. साफ केलं."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस, पापा," आणि माझ्या कपात कॉफी ओतली. अधिक काही विचारलं नाही. देवाची कृपा.

४ ऑगस्ट

संस्थेच्या मंडळासमोर चौकशी. मी बाप म्हणून बाजूला, अध्यक्षस्थानी डेल्मा. मारिट सरळ उभी राहिली. "दोन बार झाले. तिसऱ्याला माझा हात चालला नाही. मी घाबरले. हत्यारात काही बिघाड नव्हता." न विचारता सांगितलं हे शेवटचं. ऑरिन भिंतीला टेकून उभा होता. तो बोलेल असं मला वाटलं. माझ्या काखा घामाने भिजल्या. तो मारिटकडे बघत होता, तिने मान किंचित हलवली, आणि तो बाहेर निघून गेला. बहिणीचं दुःख.

मारिटला मोजणीवरून काढलं, पुढेही घेणार नाहीत. मी मत दिलं नाही. बाप म्हणून देणं योग्य नव्हतं.

११ ऑगस्ट

पोस्टात सॅल्मर म्हणाला, "शिकलेल्या पोरींना ओढ्यावर पाठवलं की असं होतं. थिजली." मारिट मागेच उभी होती. तिने तिकिटं घेतली, त्याला दार उघडून धरलं. मी पन्नास माणसांपुढे सिंहासारखा गरजलोय, कॅनरीच्या मालकाला त्याच्या टेबलावर उभा राहून सुनावलंय. आज तोंड उघडलं आणि खोकला आला.

२६ ऑगस्ट

व्हर्नाचं चाळीस दिवसांचं जेवण. त्यांच्यात हे मोठं असतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं रांधतात, सगळ्यांना बोलावतात. मारिट आत आली नाही, पायऱ्यांवर बसली. वाढणाऱ्या बायका तिच्या डोक्यावरून ताटं नेत होत्या, तिला देत नव्हत्या. मग ऑरिन स्वतः उठला. भरलेलं ताट घेऊन बाहेर गेला, तिच्या शेजारी बसला, आणि दोघं एकाच ताटात जेवली. ज्याची बहीण गेली त्याने! एवढं मोठं मन त्याच्याकडे आलं कुठून?

मला हे पाहवलं नाही. परवा सर्वसाधारण सभा आहे. बोलणार.

२८ ऑगस्ट

बोललो.

सभागृह भरलेलं. मी तयारी केली नव्हती, पण सवय कुठे जाते. उभा राहिलो आणि आवाज आपोआप खाली उतरला, मग चढला. म्हणालो, "या सभागृहात मी तीस वर्षं दुसऱ्यांचे अपराध मोजले. आज माझा मोजा. माझ्या मुलीचा हात थिजला नाही. माझ्या गोळीने चक्री अडवली. मी भरलेली गोळी, मी ओतलेलं शिसं, माझा हट्ट. तिच्याकडे चांगल्या गोळ्या होत्या, त्या मी माझ्या हाताने काढून घेतल्या."

मागच्या बाकावर कुणी नाक पुसलं.

डेल्मा म्हणाली, "अर्विद, हत्यार तर ओढ्यात आहे."

"नाही. घरी आहे."

"मग दाखव. अडकलेली चक्री दाखव."

"मी ती गोळी आत ठोकली. काडतुसं पाण्यात टाकली."

तिने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या मायेने कधी पाहिलं नव्हतं. "बस आता," ती म्हणाली. "बापाचं काळीज आहे. आम्हाला कळतं."

आणि टाळ्या वाजल्या. हळू, ओल्या टाळ्या. बाहेर पडताना सॅल्मरने माझा हात हातात घेतला. "बाप असावा तर असा." त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं चांगलं भाषण मी आयुष्यात केलं नाही, असं तिघांनी सांगितलं.

२९ ऑगस्ट

ऑरिनकडे गेलो. "तुला तरी पटतंय ना?"

"मला काय पटायचंय," तो म्हणाला. "व्हर्नाला पुरलं त्याच संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली होती. मोज्यात बांधलेलं ते घेऊन. मी पाहिलं. अडकलेलं पाहिलं. म्हणालो, उद्या सगळ्यांना दाखवतो. तर माझे पाय धरले तिने. 'पापाला हे कळलं तर तो जगणार नाही, ऑरिनकाका. मला काय, मी दुसऱ्या गावी जाईन.' बहिणीची शपथ घातली मला. माझ्या मेलेल्या बहिणीची."

मी काउंटरवरचं एक खोकं उगाच सरळ केलं.

"तिला वाटलं होतं तुला कधी सापडणार नाही. मग सापडलं, आणि तू..." त्याने हवेत हातोडीचे तीन ठोके मारले. "साफ केलंस म्हणे. ते तिने सांगितलं तेव्हा मी तुझ्या घराकडे निघालो होतो, हातात पाना घेऊन. तिनेच अडवलं."

"तू काल सभेत का नाही उठलास?"

"शपथ." मग चष्मा पुसत, "आणि खरं सांगू, पुढारी? मला तुझ्या टाळ्या ऐकायच्या होत्या. तुला कशा लागतात ते बघायचं होतं."

३० ऑगस्ट

शेडमध्ये माझी नऊ काडतुसं उरली होती. पाच घेतली. ऑरिनला खडीच्या खाणीत नेलं. "चाचणी," म्हणालो. तो आला. मनगटाला पट्टी बांधली. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच भरल्या. पहिला बार. दुसऱ्याला मनगटात काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा चाप ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. नाही.

म्हणजे असं होतं ते. चाप ओढायचा आणि तो हलत नाही, आणि समोर पाऊण मिनिट.

ऑरिनने हत्यार माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. "दहा मिनिटं लागली," म्हणाला.

३१ ऑगस्ट

दुपारच्या फेरीबोटीने मारिट गेली. मी धक्क्यावर सांगितलं, आता पुरावा आहे, ऑरिन सगळ्यांना दाखवणार आहे, तिला जायची गरज नाही. म्हणालो, तुझी शपथ मोडली नाही त्याने, हे कालचं, माझ्या हाताने झालेलं आहे.

ती पिशवीचा पट्टा सारखा करत होती. म्हणाली, "तुझ्यासाठी मी एवढी एकच गोष्ट केली होती, पापा. माझ्या मनाने. ओढ्यावर माझ्या गोळ्या काढून घेतल्यास. आता हीपण घेतलीस."

मी बोलायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "नको ना बोलूस."

माझ्या पट्टीतल्या हाताकडे पाहिलं, खिशातून तो टाइप काढला, माझ्या कोटाच्या खिशात टाकला आणि फेरीवर चढली. मागे वळली नाही. व्हर्नाने शिकवलेलं असणार. ओढ्यावर अस्वलाकडे पाठ न फिरवता चालतात, आणि धक्क्यावर बापाकडे फिरवून.

१७ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. हे डाव्याने.

ऑरिनने घोडा काढून टाकून ते रिव्हॉल्व्हर काउंटरवर काचेच्या पेटीत ठेवलंय. अडकलेलंच. शेजारी एका बशीत त्याच्या पाच तांब्याच्या गोळ्या, मी परत केलेल्या. खाली चिठ्ठी हवी, म्हणाला. "तूच लिही. पण भाषण नको." तीनदा लिहून फाडली. शेवटी राहिलं ते असं: हे मी भरलं होतं. चाचणी यात घेतली नाही. अर्विद.

आज दवाखान्यात नवी आलेली एक नर्स काडतुसं घ्यायला आली. तिने चिठ्ठी वाचली, काचेतून ते नाक पाहिलं. ऑरिनला विचारलं, "खरं आहे का हे?" त्याने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी कोपऱ्यात कॉफी घेत बसलो होतो.

सांगितलं. उभा राहिलो नाही. चार वाक्यं झाली असतील. मधे एकदा आवाज चढायला लागला, तो गिळला.

ती म्हणाली, "आणि तुमची मुलगी? लोक म्हणतात ती घाबरली."

"नाही," मी म्हणालो. "तिचा हात चालत होता. शेवटपर्यंत ओढत होती."